टेशन राह्यलं, गाडी गेली

पहिला दिवस : मूर्तिजापूर

निघताना आईनं दोनच गोष्टी सांगितल्या. अंजनगावची पानं आण, आणि त्या गाडीचं फार कौतुक करत बसू नकोस. तिचं सगळं माहेरपण त्या गाडीत गेलं. सासरी निघताना पहिल्यांदा रडली तीही त्याच गाडीत. पण कौतुक म्हणाल तर शून्य. "कोळशाचे कण डोळ्यांत जायचे आणि पातळं काळी व्हायची," एवढंच तिचं शकुंतलापुराण.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर जंक्शनवरून दोन बाजूंना जाणारी नॅरोगेज. एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा यवतमाळला, ११३ किलोमीटर. गावात नॅरोगेज कुणी म्हणत नाही, छोटी लाईन म्हणतात. आता दोन्ही बाजू बंद आहेत. यवतमाळची गाडी आधी थांबली, अचलपूरची त्यानंतर काही वर्षांनी. माझं आजोळ दर्यापूरजवळचं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून निघालो की मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवरून उतरायचं, ट्रंका आणि आंब्याची पेटी हमालाच्या डोक्यावर द्यायची आणि छोट्या लाईनीच्या फलाटाकडे पळायचं. पळायची काही गरज नसे. शकुंतला कुणाला सोडून गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या वेळी कल्याणला अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि पहाटे मूर्तिजापूरला उतरलो. मामेभाऊ व्हॅन घेऊन आला होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याला मी दादा म्हणतो.

"पाच वर्सांपासून ये म्हनून राह्यलो तुले," तो म्हणाला. "आता आला. गाडी गेल्यावर."

स्टेशनाबाहेर आलुबोंडा खाल्ला, वर मिरची. चहा किंचित मचूळ लागला. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. इथलं जमिनीखालचं पाणीच खारं. बाटलीबंद पाणी आल्यापासून पाहुण्यांची सोय झाली, पण चहावाल्यानं बोअरचं पाणी वापरलं की जीभ लगेच सांगते.

छोट्या लाईनीचं यार्ड पाहायला उन्हं वर आल्यावर गेलो. रूळ आहेत. म्हणजे असावेत, गवतातून मधूनमधून डोकं काढतात. एका बाजूला मालडब्यांचे सांगाडे उभे आहेत, त्यांच्या लाकडी फळ्या कधीच गेल्या, उरलं ते लोखंड. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. लहानपणी आमची पैज असायची, दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून उभं राहायचं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला ते जेमतेम जमतं. आज सहज जमलं आणि उगाच वाईट वाटलं. दादानं एका रुळाच्या पोटाशी साचलेली माती काडीनं खरवडली. कारखान्याचं नाव आणि साल तिथे उठावाच्या अक्षरांत असतं. गंजानं सगळं खाल्लं होतं. बोट फिरवून फिरवून मला फक्त "१९" एवढे दोन आकडे लागले.

"एकोनीसशे पुढचंच असन ना," दादा म्हणाला. "एवढ्यासाठी कायले खरवडलं मग?"

या गाडीबद्दल मोबाइलवर एक गोष्ट फिरत असते : भारतात अजून इंग्रजांच्या मालकीची असलेली शेवटची रेल्वे, आणि आपण आजही तिचं भाडं लंडनला भरतो. ऐकायला झकास आहे. खरी हकिगत थोडी कमी झकास आणि जास्त वऱ्हाडी आहे. किलिक निक्सन ही मुंबईतली पेढी, १८५७ सालची. तिनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. १९१३ मध्ये सरकारशी करार झाला. रूळ, स्टेशनं कंपनीची. गाड्या चालवायच्या जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं. उत्पन्नातला वाटा कंपनीला. दर दहा वर्षांनी कराराचं नूतनीकरण. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण ही कंपनी विकत घ्यायची राहून गेली. पुढे किलिक निक्सनही भारतीय मालकांच्या हाती गेली. त्यामुळे गोरा साहेब वगैरे कुणी उरला नाही. उरला तो करार. मालक गाडी चालवत नव्हता आणि चालवणारा मालक नव्हता. भाड्याच्या घराला रंग कोण लावणार? रूळ जुने होत गेले, वेग कमी होत गेला. शेवटी ताशी वीस किलोमीटरच्या पुढे जायची तिला परवानगीच नव्हती.

याच मापाची बार्शी लाइट रेल्वे सरकारनं १९५४ मध्ये विकत घेतली. तिचं पुढे ब्रॉडगेज झालं आणि आज पंढरपूरला, लातूरला मोठ्या गाड्या जातात. शकुंतलेच्या रुंदीकरणाला मंजुरी मिळाल्याची बातमी २०१६ मध्ये आली होती. दादानं त्या दिवशी पेढे वाटले होते. तो विषय मी काढला नाही.

दुसरा दिवस : लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, अचलपूर

सकाळी सातला निघालो. थंडी अंगाला लागेल इतकी, पण स्वेटर घातला की अर्ध्या तासात काढावा लागेल अशी. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली. वेचणी सुरू झाली होती; बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं शेतात उतरलेल्या. वऱ्हाडात डिसेंबरमध्ये येणाऱ्याला बर्फ पाहायला काश्मीरला जायची गरज नाही, असं आमचे मामा म्हणायचे. ते कधी काश्मीरला गेले नव्हते.

लाखपुरीचं स्टेशन झाडीत हरवलं आहे. आम्ही रस्त्यावरून दोनदा पुढे गेलो आणि मागे आलो. एक खोली, एक ओसरी, ओसरीत शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या. तिकीट खिडकीचं अर्धगोल भोक तेवढं शाबूत. त्यातून आत वाकून पाहिलं तर एक शेळी माझ्याकडे बघत होती, तिकीटबाबूच्या तोऱ्यात.

बनोसा म्हणजे दर्यापूरचं स्टेशन. गावाला दर्यापूर म्हणायचं, पण शकुंतलेनं ते नाव कधी मान्य केलं नाही. तिच्या लेखी बनोसाच. इथे मी उतरायचो. इथे मामा बैलगाडी घेऊन उभे असायचे. इमारत उभी आहे. चुन्याचा गिलावा पोपडे धरून पडलेला, आतली वीट दिसते. फलाट असा नव्हताच, जमिनीच्या पातळीवर मुरूम टाकलेला असायचा, त्यावर आता पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी केली आहे. लिंबाचं झाड आहे. त्याच्या पारावर एक म्हातारे बसले होते. पांढरा पायजमा, डोक्याला मफलर.

"कोन्या गावचे भौ तुमी?"

"डोंबिवलीचा, काकाजी. आजोळ इथलंच."

"मंग बसा. गाडीले टाइम हाये," म्हणाले आणि स्वतःच हसले.

काकाजी या लाईनीवर गँगमन होते, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, नंतर काही वर्षं गाडीबरोबर. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा या गाडीचा कारभार कसा चालायचा ते मला पहिल्यांदा नीट कळलं. लहानपणी आपण फक्त खिडकी बघतो. शेवटच्या काळात सगळी गाडी मोजून सात माणसांवर चालायची. स्टेशनांवर कायमचं कुणी नाही. गाडी थांबली की गार्ड उतरायचा, किल्ली लावून तिकिटाची खोली उघडायचा, चार-दोन तिकिटं फाडायचा, कुलूप लावायचा, आपल्या डब्यात चढायचा आणि हिरवी झंडी दाखवायचा. रस्त्याच्या फाटकावर माणूस नाही. त्यासाठी गाडीच थांबायची.

"फाटक लावाले खाली उतराचं. गाडी पलीकडं गेली का फाटक उघडाचं. आन् पयत जाऊन पुन्हा चढाचं."

"आणि चढायला नाही जमलं तर?"

"कायचं नाही जमत? गाडी होती का इमान होतं ते?"

१९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. झेडडी वर्गाचं, १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं. १९२३ मध्ये लाईनीवर आलं आणि १५ एप्रिल १९९४ ला उतरलं. सत्तर वर्षं एकच इंजिन ओढत होतं म्हटल्यावर आईच्या पातळांचा हिशेब लागतो. डिझेल आल्यावर धूर गेला, कोळशाचे कण गेले आणि काकाजींच्या मते गाडीची चवही गेली. "भकभक नाही तं गाडी कायची!"

मी विचारलं, इमारतीचं आता काय होणार. त्यांनी हात झटकला. पण उठताना त्यांनी एक गोष्ट दाखवली, ती मी एकटा असतो तर मला दिसली नसती. स्टेशनाच्या मागच्या बाजूला, रुळांपासून शंभरेक पावलांवर, एक उंच भिंत आणि तिच्यामागे पत्र्याचं पडकं छप्पर. जुना जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. "हे त्याचं टेशन होतं," काकाजी म्हणाले. "तुमचं-आमचं नाही. मानसं मागून बसाले लागले."

पुढचे तीन दिवस मग मी स्टेशन बघायच्या आधी जिन शोधत होतो. सगळीकडे सापडला नाही, पण तीन-चार ठिकाणी सापडला. आणि मग स्टेशन गावाबाहेर का, हा लहानपणचा प्रश्न सुटला. आम्हाला वाटायचं, इंग्रजाला गावाची घाण नको म्हणून. तसं नव्हतं. गाव त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतंच, कापसाची गाठ होती.

वऱ्हाड निजामानं इंग्रजांकडे लावून दिलं १८५३ मध्ये. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. मोठी लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन पेठा तिच्यापासून थोड्या बाजूला पडत होत्या, तर दोन्हींना लगेच वेगळे फाटे टाकले. खामगावचा १८७० मध्ये. १९०२ ला वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे गेलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या छोट्या लाईनी आतल्या कापसापर्यंत पोहोचल्या. शेतकऱ्याचा कापूस जिनात जायचा, तिथे सरकी वेगळी, रुई वेगळी. रुई प्रेसमध्ये दाबून गाठ. आजच्या मापानं एक गाठ १७० किलोची, तिला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. गाठी छोट्या डब्यात, मूर्तिजापूरला हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात, तिथून मुंबई, तिथून बोट. मँचेस्टरहून इंजिन यायचं आणि मँचेस्टरला रुई जायची. मधल्या रिकाम्या जागेत माझे मामा, आई, आंब्याच्या पेट्या.

कापूसतळणी नावाचं एक स्टेशन या लाईनीवर आहे. गाव रुळांहून जुनं. नावातच कापूस घेऊन बसलेलं. तिथे थांबलो तर एका शेतकऱ्यानं वेचलेल्या कापसाची गंजी घरासमोर लावलेली, वर ताडपत्री. भाव वाढायची वाट बघतोय म्हणाला. जिनाला गाडीनं नेता का, विचारलं तर त्यानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "मेटाडोर येते," म्हणाला.

अंजनगावला दुपार झाली. अंजनगाव सुर्जी म्हटलं की शाळेतल्या सनावळीत एकच तारीख : ३० डिसेंबर १८०३, दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह. त्याच्या पंधरा दिवस आधी, १५ डिसेंबरला, इंग्रज सेनापती वेलस्लीनं उत्तरेला डोंगरावरचा गाविलगड घेतला होता. गावात मात्र तहापेक्षा पानमळ्यांना मान आहे. बाजारात एका पानवाल्या मावशींकडून शंभर पानं घेतली. त्यांनी ती देठाकडून एकावर एक गोल रचली, केळीच्या पानात गुंडाळली, वर ओलं फडकं. फडकं दिवसातून दोनदा ओलं करायचं आणि पिळून बांधायचं, पाणी साचलं की पान काळं पडतं, अशी तंबी मिळाली. मुंबईपर्यंत टिकतील का, विचारलं. "टिकले पायजे," म्हणाल्या. हमी म्हणायची की इच्छा, कळेना.

पथ्रोट पटकन झालं. अचलपूरला पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. शेजारीच परतवाडा, पलटणीचं गाव, आणि मागे मेळघाटची निळी रेघ. स्टेशन लाईनीच्या टोकाचं, म्हणून जरा ऐसपैस. गाडी वाचवा म्हणून इथल्या लोकांनी सत्याग्रह केले, त्यांच्या घोषणा भिंतीवर अर्धवट पुसलेल्या. पिवळ्या पाटीवरचं नाव अजून वाचता येतं. समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तो आकडा मात्र नेमका उडाला आहे. रूळ जिथे संपतात तिथे दोन स्लिपर उभे गाडून आडवं लाकूड ठोकलेलं. त्याच्यापलीकडे बाभळीचं रान. दादा त्या आडव्या लाकडावर बसला आणि बूट काढून त्यातला खडा झटकत राहिला. खडा कधीच पडला असावा.

तिसरा दिवस : कारंजा, दारव्हा, यवतमाळ

आज दक्षिणेचा फाटा. हा मला परका. आजोळ उत्तरेला, म्हणून यवतमाळच्या गाडीत मी कधी बसलो नाही. फक्त मूर्तिजापूरला ती शेजारी उभी असायची आणि आम्ही एकमेकांना खिडक्यांतून जिभा दाखवायचो.

कारंजाला गुरुमंदिरात गर्दी होती. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, बाराही महिने माणूस. त्यातले कितीजण पूर्वी छोट्या लाईनीनं यायचे, असं एका फुलवाल्याला विचारलं. "बस हाये ना," म्हणाला. बरोबर आहे. शकुंतला मेली ती रुळांनी जितकी मेली तितकीच एसटीनं. मूर्तिजापूरहून कारंजाला बस तासाभरात टाकते. शकुंतला कधी पोहोचवेल हे देव आणि गार्ड यांनाच ठाऊक. अचलपूर ते यवतमाळ हा सगळा पल्ला, १९० किलोमीटरच्या आतबाहेर, तिनं वीस तासांत काढल्याचं सांगतात. आपण आज तिच्या नावानं गळा काढतो, पण तेव्हा घाई असलेला माणूस एसटीतच बसत होता. मीसुद्धा कॉलेजात असताना एसटीनंच यायचो. शेवटची कित्येक वर्षं तिच्यात बसायची ती तिकिटाचे पैसे ज्यांना खरंच जड होते ती माणसं. गाडी बंद झाल्याचा फटका त्यांना बसला, पण त्यांचे व्हिडिओ कुणी काढले नाहीत.

मधल्या एका छोट्या स्टेशनाचं नाव सांगत नाही, कारण तिथे एक कुटुंब राहतं आहे आणि त्यांना मी भाऊगर्दी पाठवू इच्छित नाही. ऊसतोडीहून परतलेलं असावं. ओसरीत चूल, तिकिटाच्या खोलीत संसार. मालाच्या वजनकाट्याचं लोखंडी तबक भिंतीशी पडलं होतं, दोन माणसांनाही न हलणारं. त्यावर त्या घरच्या बाईनं तुळशीचा डबा ठेवला होता. मला तो काटा बघायचा होता, पण चपला काढून जावं की न काढता, ते कळेना. शेवटी लांबूनच पाहिला. त्या बाई म्हणाल्या, "पावसाचं गळत नाही." इंग्रजी कौलांना त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र.

दारव्ह्याच्या स्टेशनाचं नाव दारव्हा मोतीबाग. इतकं सुरेख नाव आणि सभोवती विलायती बाभळी. रुळांमधून वाढून त्या आता माणसाच्या दुप्पट उंच झाल्या आहेत. आम्ही वीस पावलं आत गेलो आणि दादाच्या बाहीनं माघार घ्यायला लावली.

यवतमाळला संध्याकाळी पोहोचलो. स्टेशन शहराच्या पोटात आलं आहे. त्याच्या जमिनीची किंमत आता रुळांपेक्षा, इंजिनापेक्षा, बहुधा सगळ्या कंपनीपेक्षा जास्त असेल. कुलूपबंद दरवाजा, आवारात पोरं बॅडमिंटन खेळत होती. नेटऐवजी सिग्नलच्या दोन खांबांना सुतळी बांधलेली. एक मुलगी सर्व्हिस करताना ओरडली, "अंकल, बाजूले व्हा ना, लाईनीवर उभे आहात तुम्ही." तिला कोर्टाची लाईन म्हणायची होती.

चौथा दिवस : कळंब, वर्धा

यवतमाळहून कळंब तासाभराच्या आत. आधी चिंतामणीचं दर्शन. हा गणपती जमिनीखाली, पायऱ्या उतरून जायचं. मग नवं स्टेशन. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही नवी ब्रॉडगेज, २८४ किलोमीटरची, बांधून होते आहे. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. स्टेशन लख्ख. फरशी, पंखे, बाकं, गिलाव्याचा वास अजून गेलेला नाही. हेही गावाबाहेरच. दादानं चौफेर नजर फिरवली. "जिन कुठं हाये?" त्यानं विचारलं. नव्हता.

गाडी वेळेवर सुटली आणि शकुंतलेला अर्धा दिवस लागला असता ते अंतर बघता बघता कापून वर्ध्याला पोहोचली. दोघांनाही डुलकी लागली. या दिवसाबद्दल याहून सांगण्यासारखं काही नाही, आणि हीच त्या गाडीची स्तुती समजावी. फडकं ओलं करायचं मात्र दोघंही विसरलो. दादा वर्ध्याहूनच मागे फिरला, व्हॅन यवतमाळला होती.

पाचवा दिवस : नागपूर

तर्री-पोहे खाऊन डोळ्यांत पाणी आलं, मग मोतीबाग. हे दुसरं मोतीबाग, नागपूरचं, कडबी चौकाजवळ. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय इथे १४ डिसेंबर २००२ ला उघडलं. नागपूर म्हणजे एके काळी बंगाल–नागपूर रेल्वेच्या सातपुड्यातल्या छोट्या लाईनींचं मूळ. त्या लाईनीही याच अडीच फुटांच्या. नागपूर–छिंदवाडा २०१५ मध्ये बंद झाली, आता तिथे मोठी लाईन आहे. त्यांची इंजिनं, डबे, सिग्नलचे दांडे, दिवे, गार्डाची पेटी, तिकिटावर तारीख ठोकायचं यंत्र, सगळं इथे पुसून-रंगवून ठेवलं आहे. इंजिनांना इतका चकचकीत काळा रंग दिला आहे की आईनं तो ओळखला नसता. काळी ती होतीच, पण अशी नाही.

तारीख ठोकायच्या यंत्रापाशी मी बराच वेळ उभा होतो. बनोसाला गार्ड ते खटकन दाबायचा आणि तिकीट पुठ्ठ्याचं, बोटाएवढं, हातात यायचं. एका कडेला भोक. आम्ही ती जमवायचो. माझ्याकडे एकही उरलेलं नाही. शेजारी एक आजोबा नातवाला सांगत होते की ही गाडी कोळशावर चालायची. नातवानं विचारलं, चार्ज किती वेळ टिकायचा. आजोबांनी क्षणभर विचार करून उत्तर दिलं, "पाणी संपेपर्यंत." मला ते उत्तर फार आवडलं.

बागेत एक खेळण्यातली गाडी फिरते. मुलांसाठी. मी तिच्यात बसलो, हे इथे कबूल करतो.

दुपारी नागपूर स्टेशन. १९२५ मध्ये उघडलेली ही दगडी इमारत, शंभरी ओलांडूनही कामावर आहे. तिच्या पुढ्यात उभं राहिलं की रिक्षावाले, कुली, संत्र्यांच्या पेट्या, घोषणा यांच्या गदारोळात इमारत बघायला कुणाला फुरसत नसते. लाखपुरीच्या शेळीनं बनोसाच्या पोरांपेक्षा जास्त निवांतपणे स्टेशन वापरलं, यवतमाळच्या मुलीनं सुतळी बांधून वापरलं, आणि इथे लाखभर पायांनी. फक्त मोतीबागेतलंच तेवढं कुणी वापरत नाही, त्याला हात लावू नका अशी पाटी आहे.

रात्रीची गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी दारात उभा होतो. छोट्या लाईनीच्या बाजूला दिवा नव्हता. आलुबोंडेवाला ओरडत डब्याच्या कडेनं गेला. मी दोन घेतले. बस एवढंच झालं तिथे.

डोंबिवलीला आईसमोर पुडकं सोडलं. वरची वीस-पंचवीस पानं मऊ पडली होती, कडा तपकिरी. मी फडक्याची चूक कबूल केली. आईनं कात्री मागवली, चष्मा लावला आणि एकेक पान उजेडाकडे धरून सुकलेली कड कापायला घेतली. मी तिला बनोसाच्या लिंबाबद्दल सांगितलं, काकाजींबद्दल, तिकिटाच्या खिडकीतल्या शेळीबद्दल. ती ऐकत होती की पानं मोजत होती, कळत नव्हतं.

"असू दे," शेवटी म्हणाली. "तुझ्या त्या शकुंतलेतून अंजनगावहून बनोसापर्यंत यायची, तरी अशीच सुकून यायची."